गळाचा रॉड आणि रीळ वर्षानुवर्षे टिकवायचे कसे? मुळा ते भंडारदरा, धरणाकाठची निगा

रविवारी पहाटे मुळा धरणाच्या काठावर बसायचे, दुपारी मासे घेऊन घरी यायचे आणि रॉड-रीळ तसेच पिशवीत ठेवून द्यायचे, हा अनेक हौशी मच्छीमारांचा शिरस्ता असतो. महिनाभराने तीच पिशवी उघडली की रीळ खरखरू लागलेले असते, दोरी कडक झालेली असते आणि कडीच्या बुडाशी तांबूस गंज दिसतो. मग दोष रिळाच्या कंपनीला दिला जातो. प्रत्यक्षात बहुतेक रिळे पाण्यात असताना बिघडत नाहीत. ती घरी, ओली आणि मातकट ठेवल्यामुळे बिघडतात.

नुकसान फक्त पैशांचे नसते. तीन-चार किलोचा कटला गळाला लागला आणि त्याच क्षणी रिळाचा ड्रॅग अडकला, तर दोरी तुटते. मासा तोंडात गळ आणि मागे काही मीटर दोरी घेऊन निघून जातो. ती दोरी पुढे बुडालेल्या फांदीत अडकते किंवा पाणपक्ष्याच्या पायात गुंतते. त्यामुळे साहित्याची निगा ही माशाच्या आणि पाण्याच्या बाजूनेही महत्त्वाची आहे.

एका जिल्ह्यात दोन हवामाने

अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. येथे मासेमारीची हौस भागवणारे पाणी बरेच आहे. प्रवरा नदीवर अकोले तालुक्यात भंडारदरा धरण आहे. त्याचे बांधकाम १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याच नदीवर खाली निळवंडे आहे. राहुरी तालुक्यात सुमारे २६ टीएमसी क्षमतेचे मुळा धरण आहे. त्याच्या जलाशयाला ज्ञानेश्वर सागर म्हणतात. पूर्वेला शेवगाव-नेवाशाच्या बाजूने जायकवाडीच्या नाथसागराचा फुगवटा येतो आणि दक्षिणेला कर्जत तालुक्याला उजनीचा फुगवटा लागतो.

या सगळ्या ठिकाणी पाणी गोडे आहे, म्हणून समुद्राच्या खाऱ्या पाण्याइतका गंजाचा धोका नाही. पण जिल्ह्याच्या दोन टोकांना साहित्याचे शत्रू वेगळे आहेत.

पश्चिमेला घाटघर, रतनवाडी, भंडारदरा या पट्ट्यात पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे चार महिने हवा ओली असते. कॉर्कच्या मुठीला बुरशी लागते, कापडी कव्हर सुकत नाही आणि स्क्रू गंजतात.

पूर्वेला आणि दक्षिणेला पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. तिथे ओलाव्यापेक्षा धूळ आणि ऊन जास्त त्रास देतात. उन्हाळ्यात धरणाचे पाणी मागे सरकते, काठावर गाळाचा भेगाळलेला पट्टा उघडा पडतो आणि वाऱ्याबरोबर त्याची बारीक धूळ उडते. ही धूळ रिळात शिरली की आतल्या ग्रीसमध्ये मिसळून पॉलिश पेपरासारखे काम करते.

म्हणून पहिला नियम असा : अकोल्याकडे मासेमारी करणाऱ्याने वाळवण्याकडे जास्त लक्ष द्यावे आणि कर्जत, शेवगाव, राहुरीकडे करणाऱ्याने धूळ काढण्याकडे.

रिळाच्या आत काय चालते?

आज सर्वाधिक वापरात असलेल्या रिळाला स्पिनिंग रीळ म्हणतात. त्यात दोरी गुंडाळलेले स्पूल स्थिर राहते आणि त्याभोवती तारेची कमान फिरून दोरी गुंडाळते. या कमानीला बेल म्हणतात. स्थिर स्पूलच्या अशा रिळाचे पेटंट इंग्लंडमधील अल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ मध्ये घेतले. ते ब्रॅडफर्ड या कापड गिरण्यांच्या गावचे होते आणि कल्पना सूतगिरणीतल्या चात्यांवरून सुचली होती.

हँडल एकदा फिरवले की बेल साधारण पाच वेळा फिरते. हे काम आतले दोन गिअर करतात. फिरणाऱ्या भागांना आधार द्यायला बेअरिंगे असतात. बेलच्या एका टोकाला छोटी पुली असते, तिच्यावरून दोरी वळून स्पूलवर येते. तिला लाइन रोलर म्हणतात. स्पूलच्या डोक्यावर गोल बटण असते, तो ड्रॅग. मासा जोरात पळाला तर दोरी तुटण्याऐवजी स्पूल घसरून दोरी सोडावी, हे ड्रॅगचे काम. हँडल उलटे फिरू नये म्हणून आत एक एकदिशा बेअरिंगही असते.

सर्वांत आधी बिघडणारे भाग दोन : लाइन रोलर आणि ड्रॅग. लाइन रोलर सतत ओला असतो आणि दोरीबरोबर आलेला गाळ थेट त्याच्यावर पडतो. तो फिरायचा थांबला की दोरी त्याच्यावर घासते आणि कमकुवत होते. ड्रॅगमधल्या चकत्या सतत दाबाखाली राहिल्या की चपट्या होतात आणि झटके देऊ लागतात.

घरी आल्यावरची पंधरा मिनिटे

निगा राखायला महागडे किट लागत नाही. एक जुना मऊ टूथब्रश, दोन सुती फडकी आणि नळाची बारीक धार पुरे.

१. रीळ मातीत पडले असेल तर आधी हँडल फिरवू नये. फिरवले की वाळू आत ओढली जाते. कोरड्या ब्रशने किंवा फुंकर मारून माती आधी झाडावी.

२. ड्रॅगचे बटण पूर्ण घट्ट करावे, म्हणजे धुताना पाणी चकत्यांमध्ये जात नाही.

३. नळाच्या बारीक धारेखाली रीळ अर्धा मिनिट धरावे. ते बादलीत बुडवू नये आणि गाडी धुण्याच्या जोरदार पाइपाने मारू नये. जोराचे पाणी घाण बाहेर काढण्याऐवजी बेअरिंगमध्ये ढकलते.

४. रॉडवरच्या कड्या, जोडाचे तोंड आणि रीळ बसवण्याची जागा ब्रशने घासावी. गाळ नेमका तिथेच साचतो.

५. फडक्याने पुसावे. जिल्ह्यातल्या अनेक गावांत बोअरचे पाणी जड आहे. ते तसेच सुकले तर क्षाराचे पांढरे डाग राहतात, लाइन रोलरमध्ये खर बसते. पुसायचे नसेल तर शेवटची धार पिण्याच्या गाळलेल्या पाण्याची द्यावी.

६. रीळ रॉडवरून काढावे, ड्रॅग पूर्ण सैल करावा आणि दोन्ही सावलीत, हवेशीर जागी रात्रभर ठेवावे. उन्हात वाळवू नये.

७. पूर्ण सुकल्यावरच पिशवीत ठेवावे.

सहावी पायरी सगळ्यात जास्त विसरली जाते. धुताना घट्ट केलेला ड्रॅग महिनाभर तसाच राहिला तर धुऊन केलेला फायदा निघून जातो.

तेल कुठे, ग्रीस कुठे?

सोपा नियम : जे वेगाने आणि हलके फिरते तिथे तेल, जिथे दात एकमेकांवर दाबून फिरतात तिथे ग्रीस.

तेलाचा एकेक थेंब लाइन रोलर, हँडलच्या मुठीचा सांधा आणि बेलचे दोन्ही सांधे यांना पुरतो. गिअर आणि स्पूल ज्यावर वरखाली होते त्या दांड्याला ग्रीसचा पातळ थर लावावा. एकदिशा बेअरिंगला ग्रीस लावू नये. जाड ग्रीसमुळे त्यातल्या कांड्या घसरतात आणि हँडल उलटे फिरू लागते.

घरात असलेले कोणतेही तेल चालते, हा गैरसमज आहे.

खोबरेल तेल : साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली ते थिजते. नगरच्या हिवाळ्यात पहाटेचे तापमान त्याच्या खूप खाली जाते. संध्याकाळी छान फिरणारे रीळ पहाटे धरणावर जड होते ते यामुळेच.

गोडेतेल : हवेशी संयोग होऊन काही आठवड्यांत चिकट होते आणि धूळ धरते.

गंज सोडवणारा स्प्रे : अडकलेला स्क्रू सोडवायला उपयोगी, पण तो पातळ असल्याने लवकर उडून जातो आणि जाताना चांगले ग्रीसही विरघळवतो. कायमचे वंगण म्हणून तो वापरू नये.

पेट्रोल आणि थिनर : प्लास्टिकचे भाग, रंग आणि दोरी यांना खराब करतात, शिवाय आगीचा धोका असतो. जुने ग्रीस काढायला फडके आणि कापसाची काडी पुरते.

शिलाई मशीनचे तेल : हलके खनिज तेल असल्याने अडीअडचणीला चालते. मात्र थेंबानेच द्यावे.

वंगण जास्त झाले की तेही नुकसानच करते. बाहेर ओघळलेले तेल दोरीवर जाते आणि उडणारी सगळी धूळ त्याला चिकटते.

ड्रॅग किती घट्ट ठेवावा?

दोरीच्या पाकिटावर तिची ताकद किलोमध्ये लिहिलेली असते. ड्रॅग त्याच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर सुटायला हवा. म्हणजे ६ किलोच्या दोरीला दीड ते दोन किलोवर. हे मोजायला भाजीवाल्याकडे असतो तसा लटकवायचा काटा पुरतो. रॉड थोडा वर धरून दोरीचे टोक काट्याला बांधावे आणि काटा हळूहळू ओढावा. स्पूल कोणत्या आकड्यावर फिरू लागते ते पाहावे.

दोरी एकसारखी सुटली तर ड्रॅग निरोगी आहे. थांबत थांबत, झटक्याने सुटली तर चकत्या काढून पाहाव्यात. काढताना त्यांचा क्रम मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा, कारण उलटसुलट बसवल्या तर ड्रॅग काम करत नाही. काही रिळांतल्या चकत्या कोरड्या वापरायच्या असतात, काहींना खास ग्रीस लागते. रिळासोबत आलेल्या माहितीपत्रकात हे लिहिलेले असते, म्हणून ते पत्रक फेकू नये.

रॉड कसा मोडतो?

मोठ्या माशाने रॉड मोडण्याचे प्रसंग कमी असतात. रॉड मोडतात ते गाडीच्या दारात, पंख्याच्या पात्यात, पायाखाली आणि मोटारसायकलवर. फायबर ग्लासचा रॉड थोडा मार सहन करतो. कार्बनचा रॉड हलका आणि ताठ असतो, पण त्याला दगडावर आपटून बारीक चीर गेली तर ती दिसत नाही. पुढे एखाद्या दिवशी जोर आल्यावर तो तिथूनच मोडतो.

यावर नगर जिल्ह्यात सहज मिळणारा उपाय म्हणजे शेतीचा पीव्हीसी पाइप. ६३ किंवा ७५ मिलिमीटरचा पाइप रॉडच्या तुकड्यांपेक्षा थोडा लांब कापावा. एका बाजूला टोपण कायमचे चिकटवावे, दुसरे काढता-घालता येईल असे ठेवावे. आत तळाला फोमचा तुकडा घालावा. टोपणाला दोन छिद्रे पाडावीत, म्हणजे आत ओल कोंडत नाही. असा पाइप मोटारसायकलला बांधला तरी आतल्या रॉडला धक्का लागत नाही.

वापरताना तीन सवयी सांभाळाव्यात.

मासा पायाशी आला की रॉड डोक्याच्या मागे ओढू नये. तसे केले की सगळा भार शेंड्याच्या बारीक भागावर येतो. दोरी थोडी सैल सोडून मासा जाळीने उचलावा.

गळ तळाशी अडकला तर रॉडने झटके देऊ नयेत. जलाशयात बुडालेल्या बाभळी, जुन्या भिंती, दगडांचे बांध असतात. रॉड दोरीच्या सरळ रेषेत धरावा, दोरी जाड फडक्यावर किंवा लाकडाच्या तुकड्यावर दोन-तीन वेढे देऊन घ्यावी आणि मागे चालत जावे. तोंड दुसरीकडे वळवावे, कारण सुटलेले शिसे गोळीसारखे परत येऊ शकते. दोरी उघड्या हाताला कधीही गुंडाळू नये.

फिरता फिरता गळ कडीच्या रिंगमध्ये अडकवू नये. रिंगला ओरखडा पडतो आणि तोच ओरखडा पुढे दोरी कापतो. बहुतेक रॉडवर गळ अडकवायला मुठीजवळ वेगळा आकडा असतो.

रिंग तपासायची युक्ती सोपी आहे. कापसाची काडी प्रत्येक रिंगमधून फिरवावी. जिथे कापसाचे धागे अडकतात तिथे तडा आहे. अशी कडी बदलून घ्यावी. नाहीतर दोरी वारंवार का तुटते, हे कोडे सुटत नाही.

दोन तुकड्यांच्या रॉडचा जोड अडकला तर कड्या धरून पिळू नये, त्या उपटून येतात. रॉड गुडघ्यांच्या मागे आडवा धरावा, दोन्ही हात जोडाच्या दोन बाजूंना ठेवावेत आणि गुडघे हळूहळू बाहेर फाकवावेत. सरळ रेषेत ताण बसून जोड सुटतो. पुन्हा अडकू नये म्हणून आत जाणाऱ्या भागावर साध्या मेणबत्तीचे मेण हलके घासावे.

एकात एक सरकणारा दुर्बिणी रॉड स्वस्त आणि न्यायला सोपा असतो, पण त्याच्या सांध्यांत वाळू जाते. तो उघडताना शेंड्याकडून सुरुवात करावी, मिटताना बुडाच्या जाड भागाकडून. मिटण्यापूर्वी प्रत्येक भाग पुसावा. महिन्यातून एकदा बुडाचे टोपण उघडून आतून पाणी सोडावे आणि सगळे भाग सुटे वाळवावेत.

दोरी : सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित

नायलॉनच्या एकेरी दोरीला गावाकडे तंगूस म्हणतात. तो पाणी शोषतो, उन्हाने ठिसूळ होतो आणि स्पूलवर पडून पडून स्प्रिंगसारखा वळतो. नियमित मासेमारी करणाऱ्याने तो वर्षातून एकदा बदलावा. प्रत्येक फेरीनंतर शेवटचा एक मीटर बोटांच्या चिमटीतून ओढून पाहावा. खरखरीत लागला तर तेवढा कापून गाठ नव्याने मारावी. गाठ आवळण्यापूर्वी ओली करावी, कोरडी गाठ घासून तापते आणि तिथेच तुटते.

विणलेली दोरी जास्त वर्षे टिकते आणि तेवढ्याच जाडीत जास्त ताकदवान असते. पण ती गुळगुळीत स्पूलवर घसरते. म्हणून आधी तंगुसाचे काही वेढे देऊन त्यावर ती बांधावी.

स्पूल काठोकाठ भरू नये. काठापासून दोन ते तीन मिलिमीटर जागा सोडावी. जास्त भरले की वेढे एकदम सुटून गुंता होतो, कमी भरले की फेक जवळ पडते. फेकल्यावर बेल हाताने मिटवण्याची सवय लावावी. त्यामुळे दोरीला पीळ कमी पडतो आणि आतली स्प्रिंगही जास्त टिकते.

काढलेली जुनी दोरी काठावर टाकू नये. नायलॉन कुजत नाही. नाथसागराचा मोठा भाग १९८६ पासून जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे आणि हिवाळ्यात तिथे दूरवरून पक्षी येतात. दोरीचे बोटभर लांबीचे तुकडे करून घरच्या कचऱ्यात टाकावेत.

बांबूची काठी वापरणाऱ्यांसाठी

सगळ्यांकडे रीळ नसते. बांबूची काठी, तंगूस, शिसे आणि गळ एवढ्यावर आजही अनेकजण चिलापी, मरळ, वाम पकडतात. या काठीलाही निगा लागते.

बांबू पावसाळा संपल्यावर, हिवाळ्यात तोडलेला चांगला. तेव्हा त्यात कीड लावणारा पिष्टमय अंश कमी असतो. सावलीत उभा किंवा टांगून वाळवावा. भिंतीला तिरका टेकवला की वाकतो. पेरांवरचे खुंट घासून काढावेत आणि वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. जवसाचे तेल वाळून पापुद्रा धरते, म्हणून ते लाकडाला आणि बांबूला योग्य असते. रिळात मात्र नेमके त्याच गुणामुळे ते घालू नये. काठीतून पांढरी भुकटी गळू लागली तर कीड लागली असे समजावे आणि ती काठी इतर साहित्यापासून दूर ठेवावी.

कोकणात नेऊन आणल्यावर

नगरचे अनेक हौशी सुट्टीत तेच साहित्य घेऊन अलिबाग, मुरूड, हरिहरेश्वरला जातात. गोड्या पाण्यात पाच वर्षे टिकलेले रीळ तिथून आल्यावर पंधरा दिवसांत जाम होऊ शकते. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते आणि अ‍ॅल्युमिनियम व पोलाद जिथे एकत्र येतात तिथे गंज वेगाने वाढतो.

समुद्रावरून परतल्यावर त्याच संध्याकाळी, मुक्कामाच्या ठिकाणीच, गोड्या पाण्याने रीळ धुवावे. घरी येईपर्यंत थांबू नये. दोरीतही मीठ राहते, म्हणून स्पूल काढून दोरीवर वेगळी धार सोडावी. घरी आल्यावर लाइन रोलर आणि हँडलला नव्याने तेल द्यावे. वापरलेले गळ इतर गळांच्या डबीत टाकू नयेत. एक गंजलेला गळ डबीतला ओलावा आणि मीठ सगळ्यांना देतो.

पावसाळा : वार्षिक दुरुस्तीचा काळ

रोहू, कटला, मृगळ हे मासे पावसाळ्यात अंडी घालतात. नद्यांना पूर असतो, काठ निसरडे असतात. हेच महिने साहित्य उघडून साफ करायला योग्य.

रिळाची एक बाजू उघडून जुने काळे ग्रीस पुसावे आणि नवे लावावे. प्रत्येक पायरीचा फोटो काढावा आणि सुटे भाग पांढऱ्या ताटलीत काढलेल्या क्रमाने मांडावेत. आतले स्प्रिंग उडून हरवतात, म्हणून काम जमिनीवर चादर अंथरून करावे. आत्मविश्वास नसेल तर बाहेरची सफाई करून थांबावे. अर्धवट उघडलेले रीळ न उघडलेल्या रिळापेक्षा लवकर निकामी होते.

साठवताना रॉड उभे किंवा सपाट आडवे ठेवावेत. पत्र्याच्या छताखालचा माळा टाळावा, कारण उन्हाळ्यात तिथल्या उष्णतेने कड्या चिकटवलेला गोंद आणि दोरी दोन्ही खराब होतात. उन्हात उभ्या केलेल्या गाडीतही हेच होते. अकोल्यासारख्या ओल्या भागात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. त्या नसतील तर रीळ सुती कापडात गुंडाळून हवेशीर कपाटात ठेवावे, प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नये.

साहित्यापेक्षा जीव महत्त्वाचा

कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. धरणांच्या फुगवट्यावर उपसा पंपांसाठी ओढलेल्या विजेच्या तारा अनेक ठिकाणी खाली आलेल्या असतात. बसण्यापूर्वी डोक्यावर आणि मागे पाहावे. तारेखाली रॉड उभा करू नये, फेकूही नये. एप्रिल-मेच्या वळवाच्या ढगांचा गडगडाट ऐकू आला की रॉड आडवा ठेवून पाण्यापासून दूर पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जावे.

प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यात मालकाला विचारल्याशिवाय गळ टाकू नये. एका गळाने अस्तर फाटते आणि शेतकऱ्याचे साठवलेले पाणी जिरते. अस्तर निसरडे असते, आत घसरलेल्या माणसाला बाहेर येता येत नाही.

धरणांतील मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात आणि अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाचे नियम लागू होतात. म्हणून नव्या जागी बसण्यापूर्वी स्थानिक संस्थेकडे चौकशी करावी. त्या पाण्यावर कुणाचे तरी घर चालत असते.

एका नजरेत वेळापत्रक

प्रत्येक फेरीनंतर : धूळ झाडणे, बारीक धारेने धुणे, पुसणे, ड्रॅग सैल करणे, सावलीत वाळवणे, दोरीचा शेवटचा मीटर तपासणे.

महिन्यातून एकदा : लाइन रोलर, हँडल, बेलच्या सांध्यांना तेलाचा एकेक थेंब. कड्यांची कापसाने तपासणी. स्क्रू घट्ट आहेत का ते पाहणे.

सहा महिन्यांनी : ड्रॅग काट्यावर मोजणे, जोडावर मेण, कॉर्कची मूठ साबणाच्या पाण्याने पुसणे.

वर्षातून एकदा : ग्रीस बदलणे, तंगूस बदलणे, गंजलेले गळ काढून टाकणे.

नेहमी पडणारे प्रश्न

रीळ फिरवताना खरखर का होते?
बहुधा गाळ आत गेलेला असतो किंवा एखादे बेअरिंग कोरडे पडलेले असते. आधी लाइन रोलर तपासावा. तो साफ करून तेल दिल्यावरही आवाज राहिला तर गिअरकडे पाहावे. तसेच फिरवत राहिले तर गिअरचे दात झिजतात आणि मग ते बदलावेच लागतात.

हँडल मध्येच उलटे का फिरते?
एकदिशा बेअरिंगमध्ये ग्रीस किंवा घाण गेली आहे. ते पुसून अगदी हलके तेल द्यावे.

रीळ पाण्यात पडले तर?
लगेच काढून स्वच्छ पाण्याने धुवावे, स्पूल काढावे, पाणी निथळू द्यावे. दोन दिवस सावलीत वाळवून मग तेल-ग्रीस करावे. हेअर ड्रायरची गरम हवा मारू नये.

जुने, जाम झालेले रीळ दुरुस्त करावे की नवे घ्यावे?
दोष लाइन रोलर, बेअरिंग, ड्रॅगच्या चकत्या यांत असेल तर दुरुस्ती परवडते. मुख्य गिअर झिजला असेल किंवा अंगाला तडा असेल आणि सुटे भाग मिळत नसतील तर नवे घ्यावे. जुन्याचे हँडल, स्पूल, स्क्रू जपून ठेवावेत, त्याच जातीच्या दुसऱ्या रिळाला ते उपयोगी पडतात.

पहिला रॉड-रीळ घेणाऱ्याने काय पाहावे?
सर्वांत जास्त बेअरिंगे लिहिलेले रीळ चांगले असतेच असे नाही. दुकानात ड्रॅग सैल करून दोरी हाताने ओढून पाहावी, ती एकसारखी सुटली पाहिजे. लाइन रोलर बोटाने फिरला पाहिजे. आणि त्या रिळाचे सुटे भाग मिळतात का, हे दुकानदाराला आधीच विचारून घ्यावे.